कोपरानं वाजणारी सनई

दत्तारामभाऊ,

तुम्ही गेल्याचा फोन तुमच्या मुलीनं केला, तेव्हा मी फहाहीलच्या मासळीबाजारात पापलेटं निवडत होते. कल्ला उचलून आतला रंग बघायचा, हे तुम्हीच शिकवलेलं. नाशिकच्या मुलीला माशातलं काय कळणार! "काकू, बाबा सकाळी गेले. झोपेतच," एवढंच ती म्हणाली. समोरचा मासेवाला हिंदीत विचारत होता, साफ करके दूँ? मी मान हलवली. घरी येऊन पिशवी उघडली तर तिघांना पुरतील एवढे मासे निघाले. शुक्रवार होता ना. तुम्ही कुवेत सोडून चार वर्षं झाली, तरी हाताला अजून तीच सवय आहे.

तुम्ही कसे होता, किती कष्ट केलेत, ते तुमच्या गावची माणसं सांगतील. मला आपल्या दोघांतलं एक सांगायचं आहे. ते तुम्ही असताना सांगायला हवं होतं.

तुम्ही पहिल्यांदा घरी आलात ते माझ्या मिक्सरमुळे. त्याची खालची दातेरी चकती झिजली होती आणि कंपनीचा सुटा भाग इथे मिळत नव्हता. आमचे हे, अरुण, म्हणाले, "आमची कामं करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये लेथवरचा एक टर्नर आहे, कुडाळकडचा. त्याला दाखवतो." आठवड्यानं तुम्ही स्वतःच मिक्सर घेऊन दारात उभे. चकती पितळेची केलेली. "वैनी, ह्यां आता मिक्सर मोडलो तरी मोडूचा नाय," म्हणालात आणि हसताना तोंडावर हात धरलात. मला वाटलं, लाजता आहात.

त्या दिवशी माझी आवराआवर चालली होती आणि पलंगाखालची लांबट काळी पेटी बाहेर काढलेली होती. तुमची नजर तिच्यावर गेली. "ह्या काय हा?" मी म्हटलं, "एक आयरिश वाद्य आहे. माझं नाही, ठेव आहे." तुम्ही चप्पल काढायची विसरून आत आलात.

नोराची गोष्ट मी तुम्हाला तेव्हाच सांगितली होती. आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी आयरिश नर्स. मुग्धाच्या जन्माच्या वेळी माझ्या उशाशी बसलेली. ती पेटी तिच्या वडिलांची. ती स्वतः वाजवत नसे, पण जिथे नोकरीला जाई तिथे बरोबर नेई. नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा शिरल्या, तेव्हा ती सुट्टीवर गावी होती, आणि आम्ही दोन बॅगा घेऊन बगदाद-अम्मानच्या वाटेनं मुंबईला पळालो. परत आलो तर तिचं घर पार लुटलेलं. फ्रिज, पंखे, दारांच्या मुठीसुद्धा गेलेल्या, आणि ही पेटी तेवढी उघडी पडलेली. लुटणाऱ्यांनाही ह्या प्रकाराचं काय करायचं ते कळलं नसावं. नोरा आठवडाभरासाठी येऊन सगळं गुंडाळून गेली. पेटी माझ्याकडे देताना म्हणाली, "ह्यातलं सगळं माझ्या वडिलांनी ठेवलं तसंच आहे. मी मागवून घेईन." पुढे नाताळची कार्डं येत राहिली. पेटी मात्र तिनं कधी मागवली नाही, आणि मी सात-आठ वर्षं ती पलंगाखाली ठेवून दर दिवाळीला वरून पुसली.

तुम्ही मात्र तिचं झाकण उघडलंत आणि जमिनीवर मांडी घातलीत. आत वाळून पापडासारखी झालेली चामड्याची पिशवी, एक छोटा भाता, पितळेच्या कड्या लावलेल्या काळ्या लाकडाच्या नळ्या. कुवेतच्या हवेनं लाकूड इतकं आटलेलं की कड्या बांगड्यांसारख्या खुळखुळत होत्या. तुम्ही एकेक नळी उचलून डोळ्याला लावत होता, दुर्बिणीतून बघावं तशी. भोकांची नळी हाती आल्यावर बोटं आपोआप भोकांवर बसली. "ही सनई," तुम्ही म्हणालात. मग तीन नळ्या एकत्र बसवलेला ठोकळा उचललात आणि तिन्हींवरून बोट फिरवलंत.

"वैनी, हे सूर हत. आमच्यात बापूस सनई वाजवी आणि मी बाजूक बसान सूर धरी. एकच सूर, गाल फुगवन, अर्धो अर्धो तास. हयसर तीन सूर धरणारे हत आणि माणूस एकच! ह्यां वाजवणारो फुकता खंयसून?"

तोंड लावायची जागा तुम्ही शोधत राहिलात. ती नव्हतीच. शेवटी भात्याची नळी पिशवीच्या भोकात बरोबर बसली तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तो चेहरा मला आजही दिसतो. "तोंडाचा कामच नाय," तुम्ही हळूच म्हणालात. "कोपरान वाजता."

मग तोंडावरचा हात काढून तुम्ही मला कवळी दाखवलीत. कुवेतला आल्यावर दुसऱ्याच वर्षी लेथवरून सुटलेला तुकडा तोंडावर बसला आणि वरचे पुढचे दात गेले. कवळीनं जेवता येतं, बोलता येतं, पण सनई धरता येत नाही. तुम्ही गावी जाऊन प्रयत्न केला होता. देवळात, आरतीच्या वेळी. सुराऐवजी नुसता वारा निघाला आणि मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. वडिलांची ती सनई तुम्ही पुतण्याला देऊन टाकलीत.

त्यानंतर किती शुक्रवार गेले! मला आठवतं ते आपलं कुतूहल. तुम्ही आणि अरुण व्हर्नियरची मोजपट्टी घेऊन नळ्यांची मापं मुग्धाच्या जुन्या वहीत लिहीत बसायचात आणि मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारी बाई म्हणून मला मधेच प्रश्न यायचे. नळी आतून निमुळती का? भात्यातली हवा पिशवीत जाते, मग परत का येत नाही? तुम्ही भात्याचं तोंड उलटं करून आतली चामड्याची झडप दाखवलीत. "आमच्या बाजाच्या पेटीच्या भात्यात असताच तशी. वारो आत येतलो, पण मागे जावचो नाय." पिशवीची गळती शोधायला आपण सायकलच्या पंक्चरसारखा साबणाचा फेस लावला होता. शिवणीभर बुडबुडे. तुम्ही आधी खोबरेल चोळलंत, ते वितळून माझ्या सतरंजीवर आलं. मग मेण. मग फहाहीलच्या त्या पेशावरच्या मोच्याकडून नवीच पिशवी शिवून आणलीत. तो म्हणे विचारत होता, ह्यात पाणी भरणार की दूध? तुम्ही त्याला सांगितलंत, वारा. त्यानं तुम्हाला पैसे नीट मोजायला सांगितले.

मला आठवतं, पिशवी बदलायला मी आधी नाही म्हटलं होतं. आपला वाद तिथूनच सुरू झाला. मी म्हणायचे, "ठेव आहे. जशी दिली तशी परत द्यायला हवी." तुमचं म्हणणं, "मुकी दिल्यान म्हणान मुकीच परत दिवची? ही काय संभाळणूक झाली?" मी विचारलं, "पिशवी नवी, भात्याचं कातडं नवं, दोरे नवे. मग नोराच्या वडिलांचं ह्यात उरलं काय?" तुम्ही पिशवीला मेण चोळत म्हणालात, "वैनी, आमच्या घरचो गणपती दरवर्षी नवो येता. तरी आमचोच मां?" मी हरले, पण तेव्हा तसं कबूल केलं नाही.

एका गोष्टीला मात्र मी तुम्हाला हात लावू दिला नव्हता. ती पत्ती. मुख्य नळीच्या डोक्यात बसवलेली, बोरूच्या दोन पातळ पात्यांची, तांबड्या दोऱ्यानं बांधलेली. एका कडेला चीर गेलेली, त्यामुळे तिच्यातून आवाज निघत नव्हता. पण ती नोराच्या वडिलांनी आपल्या हातानं तासली असणार असं मी मनाशी धरून चालले होते. तुम्हाला तशीच दुसरी करायची होती. त्यासाठी वाफ्र्याच्या शेतांकडे गेलो होतो आपण, आठवतं? हिवाळ्यातली सकाळ, दोन्हीकडे काचघरं, खजुराच्या ओळी, आणि पाण्याच्या चरावर उंच वाढलेला बोरू. तिथला शेतावरचा तेलुगू कामगार आपल्याला वेडे समजून हसत होता. तुम्ही कांड्या वाजवून बघत होता, नारळ बघावा तशा. परत येताना गाडीभर बोरू आणि त्याच्या जोडीला त्यानं प्रेमानं दिलेली काकड्यांची पिशवी.

त्या बोरूच्या पत्त्या काही जमेनात. एक बदकासारखी ओरडे, एक कुकरच्या शिटीसारखी. मुग्धा म्हणाली, "आई, इट साउंड्स लाइक अ कॅमल." वरच्या मजल्यावरची इजिप्शियन बाई खाली येऊन काळजीनं विचारून गेली, घरात बाळ आहे का? तुम्ही हसत होता, पण आतून तुम्हाला काहीतरी खात होतं. "बाहेरसून बघून कळणा नाय. पत्तीच्या आतली पितळेची नळी कशी वळवल्यानी हा, तां बघल्याबिगर जमूचा नाय."

आणि मग तो शुक्रवार. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर येऊन बघते तर ती जुनी पत्ती तुमच्या रुमालावर चार तुकड्यांत पडलेली. दोरा सोडलात आणि वाळलेला बोरू हातातच फुटला.

तुम्ही म्हणालात, "वैनी, उघडल्याशिवाय कळतला कसा?"

मी काय म्हणाले ते तुम्ही विसरला असाल अशी आशा मी दहा वर्षं करत आले. मी म्हणाले, "दुसऱ्याच्या वडिलांच्या वस्तूची किंमत तुम्हाला काय कळणार? तुम्हाला फक्त तोडून जोडायचं माहीत!" अरुण दारातच थबकले. तुम्ही रुमालाच्या चारी टोकांना गाठ मारलीत, तो खिशात ठेवलात, आणि जेवणाचं ताट वाढलेलं असताना उठून गेलात. ज्या माणसानं आपल्या बापाची सनई हातानं देऊन टाकली होती, त्याला मी हे बोलले होते.

तीन महिने तुम्ही आला नाहीत. अरुण वर्कशॉपवर गेले की तुम्ही त्यांच्याशी कामाचं बोलायचात, घरचं काही नाही. शुक्रवारी मी उगाच दार उघडून जिन्यात बघायचे. मीच यायला हवं होतं तुमच्या खोलीवर. सहा जणांच्या त्या खोलीवर मी कशी जाऊ, असं मी स्वतःला सांगत राहिले. खरं कारण ते नव्हतं.

मग एकदा सकाळी तुम्ही आलात. "वैनी, चहा आसा?" एवढंच. खिशातून आगपेटी काढलीत, तिच्यात कापसावर ठेवलेली नवी पत्ती. तुटलेल्या तुकड्यांवरून माप घेऊन, पितळेचा पत्रा वळवून आतली नळी केलेली. वर तांबडा दोरा. माझ्याच शिवणाच्या डब्यातला, कधी नेलात कोण जाणे.

तुम्ही खुर्चीत बसलात. पट्टा बांधला, भाता उजव्या कोपराखाली, पिशवी डाव्या. मुख्य नळीचं तोंड मांडीवर टेकवलंत. दोन-तीनदा कोपर हललं, पिशवी फुगली. आणि मग ती बोलली.

मी काय सांगू! सनईसारखा, पण सनईइतका उघडा नाही. जरा नाकातला, जरा घोगरा, एखाद्या म्हाताऱ्या बाईनं गळा साफ करून गायला लागावं तसा. तुम्ही सगळी बोटं ठेवून खालचा सूर घेतलात, मग एकेक बोट उचलत वर गेलात. वरच्या सप्तकासाठी भोक शोधत बसलात, ते सापडेना. नकळत पिशवी जोरात दाबली गेली तर तीच नळी एक सप्तक वर ओरडली. तुम्ही दचकून थांबलात आणि मग पुन्हा मुद्दाम दाबलीत. तुमच्या चेहऱ्यावर शाळेतल्या पहिल्या प्रयोगाचा आनंद होता. आणि मग ते लक्षात आलं तुमच्या. वाजवता वाजवताच तुम्ही म्हणालात, "वैनी! बोलाक येता! बघा, मी बोलतंय आणि ती वाजता! माझ्या बापाशीक हयातभर वाजवताना एक शब्द बोलाक गावलो नाय!"

आणि तोंडावर हात न धरता तुम्ही हसलात. हात रिकामे नव्हतेच.

मग तुम्ही वडिलांची ती देवळातली सकाळची धून काढलीत. मधेच एक सूर चुकीचा लागायचा, कारण त्या नळीला तो सूर मुळात नव्हता. तुम्ही अर्धं बोट सरकवून तो काढलात. अरुण चष्मा पुसत आत गेले. वरची इजिप्शियन बाई पुन्हा खाली आली, पण ह्या वेळी ती दारात उभी राहून ऐकत राहिली.

पुढच्या आठवड्यात मी नोराला फोन लावला. तिच्या कार्डावर आता वृद्धाश्रमाचा नंबर होता. मी रिसीव्हर वाद्याजवळ धरला आणि तुम्ही वाजवलंत. मग मी फोन कानाला लावला. ती बराच वेळ बोलली. तुम्ही भाता दाबायचं थांबवून माझ्या तोंडाकडे बघत होता. फोन ठेवल्यावर मी तुम्हाला सांगितलं, "म्हणाली, ज्यानं वाजतं केलं त्याचंच हे वाद्य. त्यालाच दे." तुमचे डोळे भरून आले. मग तुम्ही विचारलंत, "पत्तीचा काय म्हणाली?"

मी म्हटलं, "काही नाही म्हणाली."

दत्तारामभाऊ, ते खोटं होतं.

मी तिला त्याच फोनवर इंग्रजीत पत्ती फुटल्याचं सांगितलं होतं, वडिलांची म्हणून माफी मागितली होती. ती हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला. म्हणाली, "बाबांची? अगं, बाबांना आयुष्यात एक पत्ती धड करता आली नाही! ती टपालानं विकत आणलेली. पहिल्या दिवसापासून बिघडलेली. तिच्यापायीच त्यांनी वाजवणं सोडलं. सांग त्या माणसाला, त्यानं माझ्या बाबांपेक्षा चांगलं केलं."

हे वाक्य तुमचं होतं, आणि मी ते तुम्हाला दिलं नाही. कारण ते सांगितलं असतं तर मग पुढे म्हणावं लागलं असतं की माझा राग खोट्यावर उभा होता, आणि त्या रागात मी जे बोलले ते अक्षम्य होतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. नंतर नंतर तर न सांगितल्याचंच ओझं सांगण्यापेक्षा मोठं झालं. दर नाताळला नोराला कार्ड लिहिताना तुम्ही विचारायचात, "माझी माफी लिवलास मां?" मी म्हणायचे, लिहिली. मी लिहीत नव्हते, कारण ती हसून विचारणार, विकतच्या पत्तीची माफी कशाला? नोरा वारली, तरी तिचं नाव निघालं की तुम्ही ती माफी मागत होता.

तुमचं वर्कशॉप बंद होऊन तुम्ही निघालात तेव्हा मी वाद्य बांधून ठेवलं होतं. तुम्ही नेलं नाहीत. "ही पत्ती ह्या सुक्या हवेत जन्माक इली. आमच्या पावसात फुगान गप बसतली. हयसरच ऱ्हवांदे. तुमी वाजवा." मी वाजवते म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण भाता भरता येतो, खालचे तीन सूर लागतात, आणि मुख्य नळीवर पाच-सहा सूर मला सापडलेत. सातवा कुठे आहे हे तुम्हाला फोनवर विचारायचं ठरवलं होतं, मागच्याच महिन्यात. तेही राहिलं. ते अर्धं बोट तुम्ही नक्की कुठलं सरकवत होता?

काल मी गावी तुमच्या मंडळींना, रुक्मिणीवहिनींना, फोन केला. तुम्हाला सांगता येत नाही तर निदान त्यांना तरी सांगावं म्हणून. सगळं सांगितलं. पत्ती विकतची होती हे, नोरा काय म्हणाली हे, मी काय बोलले होते ते शब्दशः, आणि इतकी वर्षं गप्प राहिले ते. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या:

"वैनी, त्या पत्तीचा ऐकान त्येंका बरा वाटला असता. तां तुमी सांगूक व्हया होतां."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"पण तुमच्या रागाचा म्हणशात तर ते माका लय वेळा सांगीत. म्हणत, कुवेतात येवढी वर्षां काढलंय, सगळ्यांनी काम करून घेतला, पैशे दिले, सलाम केल्यानी. कोण एक शब्द वायट बोललो नाय. भांडली ती एकटी वैनी. परक्या माणसाबरोबर कोण येवढा भांडता गो? असा म्हणत."

माझं रडणं त्यांना फोनवर ऐकू गेलं असावं. मग म्हणाल्या, "तुमी रडा नको. आंब्याच्या दिसांत हय येवा. चार दिवस ऱ्हवा. माका त्येंचा कुवेतातला कायच म्हायत नाय, तां सगळा तुमच्याकडसून आयकूचा हा."

मी येणार आहे, दत्तारामभाऊ. अरुणनी रजेचा अर्ज दिलाय. वहिनी विचारतील ते सगळं सांगेन, काही वगळणार नाही.